'रात्रपाळी': उसातल्या भयपटाचा दीड मिनिटाचा ट्रेलर करायचाय, सल्ले हवेत

दारंकरी | १२ जानेवारी, रात्री ११.२०
नमस्कार मंडळी. पुण्यात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलसाठी प्रत्येक गटानं एका न बनलेल्या लघुपटाचा ट्रेलर करून द्यायचाय. फिल्म नाही, नुसता ट्रेलर, दीड मिनिटाच्या आत. आम्ही पाच जण आहोत आणि भयपट घेतलाय.

जुन्नर तालुक्यात माझ्या मामाचं शेत आहे. शेतीची लाइन, म्हणजे मोटारीची वीज, कधी दिवसाची असते, कधी रात्रीची. रात्रीची असली की दोन वाजता उठून उसाला पाणी द्यायला जावं लागतं, हे तिकडच्यांना सांगायला नको. आमच्या गोष्टीत मामा तापानं पडतो आणि पुण्याहून आलेल्या भाच्यावर दारं धरायची, म्हणजे पाटाचं पाणी एकेका सरीत वळवायची, वेळ येते. भाचा पाणी लावतो, घरी यायला निघतो आणि त्याला चकवा लागतो. कितीही चालला तरी परत त्याच दारापाशी. नाव 'रात्रपाळी'.

सामान: कॉलेजचा एक डीएसएलआर, किट लेन्स आणि ५० एमएमची एक, दोन छोटे एलईडी पॅनल, ट्रायपॉड, कॉलरचा वायरवाला माइक. पैसे सगळे मिळून सहा-सात हजार, त्यात एसटी आणि जेवण आलं.

विचारायचंय ते असं. रात्री उसात शूट केलं की चित्रात मुंग्या (अंधारातले वळवळणारे ठिपके) येतात, त्याचं काय करायचं? भूत दाखवायचं की नाही? गटात यावरून दोन तट पडलेत. आणि फिल्मच नसताना ट्रेलरसाठी नेमकं काय शूट करायचं?

टवाळ | १२ जानेवारी, रात्री ११.४१
भूत कशाला? रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळालंय आणि वायरमन फोन उचलत नाही, एवढं दाखवा. अख्खा तालुका थिएटर सोडून पळेल.

बांधावरचा | १३ जानेवारी, सकाळी ६.०५
दारंकरी, तू जुन्नर तालुका म्हणतोस आणि रात्री उसात शूटिंग म्हणतोस. मामाला विचारलंस का रे बाबा?

आमच्याकडं बिबट्या ही बातमी राहिलेली नाही, तो शेजारी झालाय. ऊस हेच त्याचं रान. माद्या उसातच वितात, तोड सुरू झाली की सरीत बछडी सापडतात आणि मग वनखात्याची माणसं येऊन ती पुन्हा आईच्या वाटेवर ठेवतात. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो. धोका असतो वाकलेल्याला, बसलेल्याला आणि लहान पोराला, कारण उंची कमी दिसली की त्याला ते जनावर वाटतं. आता तुमचा हिरो दारं धरायला वाकणार आणि कॅमेरावाला खालून शॉट घ्यायला सरीत बसणार. म्हणजे तुम्ही ताट वाढूनच ठेवताय.

अंधार पडल्यावर उसाच्या आत कुणीही जायचं नाही. घराचा ओटा, गोठा, खळं इथं उजेड करून काय ते करा. पाच जण आहात तर एकानं फक्त बॅटरी आणि काठी घेऊन पहारा द्यायचा, त्याला दुसरं काम सांगायचं नाही.

दुसरं, तोड कधी आहे ते विचारून घे. कारखान्याची टोळी आली की दोन दिवसांत रान मोकळं. आज लांबचा शॉट घेतलात आणि पुढच्या शनिवारी जवळचा घ्यायला आलात तर मागं नुसतं पाचट, वाळका पाला. तुमची ती कंटिन्युटी की काय, तिचा बैल गेला.

तिसरं, रात्री मोटारीच्या केबली चोरीला जातात, त्यामुळं अनोळखी पोरं बॅटऱ्या घेऊन फिरताना दिसली की लोक आधी हाणतात, मग विचारतात. पोलीस पाटलाला आणि शेजारच्या वस्त्यांना आधी सांगा. कुणाच्या रानात पाय ठेवायचा तर त्याला विचारून.

दारंकरी | १३ जानेवारी, सकाळी ९.३०
बाप रे. मामानं 'या की' एवढंच म्हटलं होतं. तोडीचं विचारतो. पण रात्री आत जायचंच नाही तर 'रात्रपाळी' होणार कशी? मित्राकडं ड्रोन आहे, वरून घेता येईल का?

बांधावरचा | १३ जानेवारी, सकाळी ९.५२
ड्रोनचं नावसुद्धा काढू नको. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक जागे राहायचे. तुमचा ड्रोन दगडानं उतरवतील.

सिंगलस्क्रीन | १३ जानेवारी, दुपारी ३.१५
सहायक दिग्दर्शक म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून लांबण लावतोय.

रात्र दिवसा शूट करा. ही जुनी युक्ती आहे आणि उसात ती फार छान बसते. दुपारी चारनंतर ऊन तिरपं झालं की सूर्य पात्राच्या मागं ठेवायचा. उसाच्या पात्यांच्या कडा चमकतात आणि चेहरा सावलीत जातो. हेच तुमचं चांदणं. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर ठेवा म्हणजे चित्र निळसर होईल. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप खाली, म्हणजे उजेड कमी, घ्या, उरलेला अंधार एडिटिंगमध्ये करा. कॅमेऱ्यातच फार काळं केलंत तर सावल्यांत काही शिल्लक राहणार नाही. आणि आकाश फ्रेममध्ये अजिबात नको. आकाश दिसलं की सोंग उघडं पडतं. ऊस डोक्याच्या वर गेलेला असेल तर हे आपोआप जमतं, भयपटाला याहून सोयीचं पीक नाही.

एक अडचण राहते. दिवसा बॅटरीचा झोत दिसत नाही. म्हणून बॅटरीचे शॉट तेवढे सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-बावीस मिनिटांत. त्या वेळी आकाश गडद निळं असतं, झोतही दिसतो आणि मागची उसाची भिंतही दिसते. एवढ्या वेळात चार शॉट मिळाले तर नशीब समजा. त्यामुळे कोण कुठं उभा, कुठून चालणार, फोकस कुठं, हे सगळं उन्हातच तालीम करून ठेवा. आणि हे बांधाच्या कडेला उभं राहून, आत शिरून नाही. बांधावरचा यांचं म्हणणं शंभर टक्के पाळा. पंचवीस मार्कांसाठी कुणी जखमी होण्यात अर्थ नाही.

कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० वर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ३० फ्रेमवर गेलात तर ओट्यावरची ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी फडफडताना दिसतात. आणलेली प्रत्येक बॅटरी आधी घरी शूट करून बघा. काही चायनीज बॅटऱ्या डोळ्याला स्थिर दिसतात, कॅमेऱ्यात पट्टे मारतात.

आता 'काय शूट करायचं'. प्रसंग लिहू नका, शॉट लिहा. आधी अख्ख्या फिल्मची गोष्ट एका पानावर लिहा, शेवटासकट. मग त्यातले असे क्षण काढा, जे आगापिछा नसतानाही प्रश्न उभा करतात. चकव्यात तर देवानंच सोय करून दिलीय. तोच फ्रेम तीनदा. दाराशी मातीत रोवलेलं खोरं आणि त्याच्या दांड्याला बांधलेला मामाचा टॉवेल. पहिल्यांदा टॉवेल कोरडा. दुसऱ्यांदा तोच फ्रेम, टॉवेल ओला, पाणी निथळतंय. तिसऱ्यांदा खोरं आहे, टॉवेल नाही. पुढच्या शॉटमध्ये भाचा चालताना पाठमोरा आणि टॉवेल त्याच्या खांद्यावर. ट्रायपॉड हलवायचा नाही, पायांच्या जागी खुंट्या ठोकून ठेवा. खर्च शून्य.

दिवाळीअंकवाली | १३ जानेवारी, संध्याकाळी ७.४०
वा, चकवा घेतलात हे फार आवडलं. आपल्याकडं भुतांची काय कमी आहे? मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, आसरा डोहात, खवीस, हडळ, जखीण, प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. चकव्याला मात्र रूप नाही. तो माणसाला काही करत नाही, फक्त वाट काढून घेतो. म्हणून मला तो सगळ्यांत जास्त भीतिदायक वाटतो.

आमच्या आजोळी सांगायचे की चकवा लागला हे कळलं की पुढं चालायचं नाही. जिथं आहोत तिथं खाली बसायचं आणि उजाडायची वाट बघायची. चालत राहिलं की तो आणखी फिरवतो. प्रत्येक भुताला असा काहीतरी नियम असतो आणि भयकथा चालते ती नियमावर, किंकाळीवर नाही. तुमच्या मामाच्या तोंडी हा नियम घाला. तापात पडल्या पडल्या म्हणू दे, 'वाट चुकली तर खाली बस.'

बांधावरचा | १३ जानेवारी, रात्री ८.०२
ताई, नियम बरोबर आहे, आमच्यातही हेच सांगतात. पण आता आमच्या पोरांना आम्ही बरोबर उलटं सांगतो. उसाकडंला कधी खाली बसायचं नाही.

सिंगलस्क्रीन | १३ जानेवारी, रात्री ८.१०
थांबा थांबा. दारंकरी, तुझी फिल्म सापडली.

मामा म्हणतो, वाट चुकली तर खाली बस. मामी म्हणते, उसात खाली बसू नको. पोरगा मधे. बसला तर एक मरण, चालला तर दुसरं. ही दोन वाक्यं ट्रेलरमध्ये ठेव, बाकी एकही संवाद नको.

दारंकरी | १३ जानेवारी, रात्री ८.२६
अंगावर काटा आला. गटाच्या ग्रुपवर टाकलं, दोन्ही तट एकदम गप्प झालेत.

कानसेन | १४ जानेवारी, सकाळी १०.५०
चित्राबद्दल एवढं झालं, आवाजाचं कुणी बोलेना, म्हणून माझे दोन पैसे. भयपट डोळे मिटूनही भीतिदायक वाटला पाहिजे. वाटत नसेल तर चित्र कितीही निळं करा.

तुमच्या गोष्टीत आवाजाची कल्पना आयती आहे. पाण्याची मोटार. पहिल्या फ्रेमपासून तिची लांबून येणारी एकसुरी घरघर ठेवा. मामा-मामीची वाक्यं, खोरं, टॉवेल, सगळं त्या घरघरीवर. दहा सेकंदांत प्रेक्षकाचा कान ती विसरतो. मग साधारण चाळिसाव्या सेकंदाला लाइट जाते आणि मोटार बंद. तेव्हा जी शांतता पडेल ती कुठल्याही ढॅणऽऽपेक्षा मोठी. त्यानंतर पाटातलं पाणी हळूहळू आटण्याचा आवाज, मग फक्त उसाची सळसळ.

पण ही शांतता म्हणजे कोरा ट्रॅक नव्हे. कोरा ट्रॅक ऐकला की लोकांना मोबाइल बिघडल्यासारखं वाटतं. जागेवर गेल्यावर सगळ्यांना एक मिनिट पुतळा करा आणि नुसती हवा रेकॉर्ड करा. दुपारची वेगळी, तिन्हीसांजेची वेगळी, रात्री ओट्यावरून घेतलेली वेगळी. दिवसा शूट केलेल्या चित्राखाली ही रात्रीची हवा घातली की डोळा आपोआप ते रात्रीचं मानतो. उलट चिमण्यांचा एक चिवचिवाट राहून गेला तर सिंगलस्क्रीन यांचं सगळं चांदणं वाया.

टिटवी मिळाली तर सोडू नका. रात्री माळावरून ओरडत जाते आणि तिचा आवाज अभद्र मानणारी माणसं अजून घरोघरी आहेत, म्हणजे निम्मं काम तिनंच केलं. परदेशी घुबडाचे फुकटचे आवाज उतरवून घेऊ नका, आपल्या कानाला ते परके लागतात.

हाड मोडल्याचा आवाज हवा असेल तर शेवग्याची सुकी शेंग माइकजवळ मोडा. ओल्या चिखलातल्या पायांसाठी परातीत भिजवलेली कणीक थापटा. आणि संगीतात खालच्या पट्टीतला घुमार भरून ठेवू नका. हेडफोनवर छान वाटतो, पण फोनच्या स्पीकरवर ८० हर्ट्झचं काहीही ऐकू येत नाही आणि तुमचा ट्रेलर दहातले नऊ जण फोनवरच बघणार. भीतीचा आवाज मधल्या पट्टीत शोधा. विहिरीच्या रहाटाची कुरकुर, लोखंडी कडी, पाचटावरचं पाऊल.

जाता जाता, तुम्ही नारायणगाव-खोडदच्या बाजूला असाल तर भाड्यानं वायरलेस माइक आणू नका. तिथं मोठी रेडिओ दुर्बीण आहे, रेडिओ लहरींचा गोंगाट तिला चालत नाही. वायरवालाच बरा.

टवाळ | १४ जानेवारी, सकाळी ११.१४
त्या दुर्बिणीच्या तबकड्या मागं दाखवा की! ४५-४५ मीटरच्या तीस आहेत. उसातून डोकं वर काढून बघतायत असं वाटतं.

सिंगलस्क्रीन | १४ जानेवारी, सकाळी ११.३०
नको. एक तबकडी दिसली की लोक परग्रहवासीयांची वाट बघत बसतील. चकव्याला तेवढं बजेट नाही.

दारंकरी | १४ जानेवारी, रात्री १०.१५
कानसेनदादा, मोटारीची आयडिया पक्की. आणखी दोन गोष्टी. आमच्यातली एक जण म्हणते बांधावर लिंबू, टाचण्या, काळी बाहुली ठेवून एक क्लोज घेऊ, लिंबू कापलं की रक्त येतं असं. आणि ट्रेलरच्या सुरुवातीला मामाच्या रेडिओवर एखादं जुनं भावगीत वाजत असेल तर? साठ वर्षांपूर्वीचं घेतलं तर फुकट असतं असं ऐकलंय.

चिकित्सक | १५ जानेवारी, सकाळी ८.२०
लिंबाचं मी सांगतो, गावोगाव हा प्रयोग करून दाखवलाय. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंजचं द्रावण लावून वाळवायचं. ते आम्लात लाल होतं. लिंबू कापलं की रसाबरोबर लाल धार येते. भोंदूबाबा हेच करतात. हळदीत चुन्याची निवळी पडली की लालभडक होतं, तीही यांचीच युक्ती. मिथिल ऑरेंज शाळेच्या प्रयोगशाळेत मिळेल, पण ते तोंडात जाऊ देऊ नका आणि ते लिंबू टाकून द्या, सरबताला नको. आपोआप पेट घेणारा नारळ वगैरे जे बघितलं असेल ते मात्र करायला जाऊ नका, त्यात भाजण्याचे प्रकार होतात. आणि उसात पाचट वाळलेलं असतं, ठिणगीसुद्धा नको.

पण माझा सल्ला विचाराल तर हा शॉटच घेऊ नका. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सिनेमात भूत दाखवलं म्हणून तो लागत नाही, तो प्रत्यक्ष अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी आहे. अडचण वेगळी आहे. तुम्ही शूटिंग करून पुण्याला जाल आणि बाहुली बांधावर विसराल. सकाळी ती कुणाला तरी सापडेल. मग 'अमक्यानं आमच्या रानावर केलं' म्हणून दोन घरांत वैर. भावकीत आधीच बांधावरून वाद असतो, त्यात आणखी तेल कशाला? मामाला तिथं राहायचंय.

शिवाय चकव्याच्या गोष्टीत बाहुली आली कुठून? दिवाळीअंकवाली ताई म्हणाल्या तसं प्रत्येकाचा पत्ता वेगळा. करणी हा दुसरा सिनेमा झाला.

कानसेन | १५ जानेवारी, सकाळी ९.०५
गाण्याचं अर्धंच खरं ऐकलंस. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. पण कवीच्या शब्दांचा आणि संगीतकाराच्या चालीचा हक्क निराळा असतो, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं गाणं घेतलंस तर बहुतेक वेळा रेकॉर्ड मोकळं आणि गाणं बांधलेलं असा प्रकार होतो. यूट्यूबला या दोन्हींतलं काहीही सापडलं की तो ट्रेलर अडवू शकतो.

गावात जात्यावरच्या ओव्या येणारी आजी मिळतेय का बघ. जुनी, तोंडी चालत आलेली ओवी कुणा एकाच्या मालकीची नसते. तिच्या परवानगीनं फोनवर रेकॉर्ड कर, खाली जात्याची घरघर. आणि ऐक, जात्याची घरघर आणि मोटारीची घरघर एकमेकींत मिसळता येतात.

दिवाळीअंकवाली | १५ जानेवारी, सकाळी ९.४०
आणि श्रेयनामावलीत आजीचं नाव घालायला विसरू नका. शक्यतो सगळ्यांच्या आधी.

कात्री | १५ जानेवारी, रात्री ११.५०
एडिटर आहे, उशिरा आले. तुम्ही सगळे 'भूत दाखवू नका' म्हणताय ते ऐकायला छान आहे, पण मी असे डझनानं विद्यार्थी ट्रेलर कापलेत ज्यांत नुसतं धुकं, पाय आणि दरवाजे असतात. बघून झाल्यावर काही म्हणजे काही आठवत नाही. न दाखवणं आणि दाखवायला काही नसणं यांत फरक असतो. एक तरी चित्र असं हवं जे माणूस दुसऱ्याला सांगेल, 'अरे त्यात ते असं असतं बघ'.

खोरं-टॉवेल चांगलं आहे, पण ते हुशारीचं आहे, ते कळायला दोनदा बघावं लागतं. मला एक ढोबळ शॉट द्या. भाचा बांधावर उभा. लांब, समोरच्या बांधावर, आणखी एक बॅटरी. तो आपली बॅटरी दोनदा उघडझाप करतो. समोरची दोनदा होते. त्याला हायसं वाटतं, कुणीतरी आहे. मग तो आपली बॅटरी विझवतो. समोरची त्याच क्षणी विझते.

सिंगलस्क्रीन | १६ जानेवारी, सकाळी ७.३०
शॉट झकास आहे, माझी टोपी काढली. तरी मुद्दा मान्य नाही. हेही न दाखवणंच झालं की.

कात्री | १६ जानेवारी, सकाळी ७.४५
बॅटरी दिसते ना? झालं तर. मी मेकअप करा म्हणत नाहीये.

टवाळ | १६ जानेवारी, सकाळी ७.५८
तोंडाला मुलतानी माती फासून वाळवलेला मामा उसातून बाहेर येऊ दे, तडे छान जातात. फुकटचं भूत.

सिंगलस्क्रीन | १६ जानेवारी, सकाळी ८.१०
तडे खरंच छान जातात, दुसऱ्या कुठल्या फिल्मसाठी लक्षात ठेव. इथं मामा तापानं घरात पडलाय हेच भीतीचं कारण आहे, त्याला रानात आणलास की संपलं.

दारंकरी | १९ जानेवारी, रात्री ९.००
शनिवारी निघतोय. तोड फेब्रुवारीत आहे, मामानं मुकादमाला विचारून खात्री केली. पोलीस पाटलांना भेटलो, ते म्हणाले, 'मला पण एक रोल द्या.'

क्रम असा ठरलाय. साडेतीनला खोऱ्याचे तिन्ही फ्रेम, पाण्याच्या पाटाचे क्लोज, पाठमोरं चालणं. हे सगळं कडेच्या सरीत, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळला की फक्त कात्रीताईंचा बॅटरीचा शॉट आणि भाच्याचा चेहरा. समोरच्या बांधावर मामेभाऊ बॅटरी घेऊन, त्याच्यासोबत आणखी एक जण. फोन चालू ठेवून 'लाव', 'विझव' सांगणार. अंधार पडला की सगळे घरी. मग ओट्यावर मामा-मामीची दोन वाक्यं, कंदिलाच्या आडून एक पॅनल लावून. उजेड परतवायला दुसऱ्या बाजूनं थर्माकोलचा तुकडा म्हणजे चेहरा अगदीच काळा होणार नाही. पहाऱ्याला स्वतः मामा.

बांधावरचा | १९ जानेवारी, रात्री ९.३२
ताप आलेला मामा पहाऱ्याला! बरं आहे. कुत्री मोकळी सोडू नका, कुत्र्याच्या मागावरच तो वस्तीवर येतो.

दारंकरी | २२ जानेवारी, रात्री ११.१०
सगळे सुखरूप परत. रशेस (न कापलेलं शूटिंग) बघितल्या.

उन्हातली रात्र बघून विश्वासच बसत नाही. पात्याच्या कडा खरंच चांदीच्या दिसतात. एका शॉटमध्ये वर बोटभर आकाश आलंय, तो जरा मोठा करून कापावा लागेल. बॅटरीच्या शॉटचे तीन टेक मिळाले. दुसऱ्या टेकला मामेभावानं बॅटरी विझवायला क्षणभर उशीर केला, आमची आधी विझली आणि मग त्याची. ठरल्यापेक्षा तोच जास्त भीतिदायक वाटतोय. एकदम विझली की आरसा वाटतो, उशिरा विझली की कुणीतरी विचार करून विझवली असं वाटतं. कात्रीताई, तुमचं काय मत?

मामीनं कमाल केली. लिहून दिलेलं वाक्य तिनं बाजूला ठेवलं. भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणाली, 'आन् उसाकडंला बसू नकोस हां.' रोज कुणाला तरी म्हणते तसंच. आम्ही दुसरा टेक घेतलाच नाही.

ओवी मिळाली. शेजारच्या वस्तीवरच्या आजींनी आधी 'आता कुठं आठवतंय' म्हणत अर्धा तास नुसता चहा पाजला, मग थांबेचनात. टिटवी नाही मिळाली. कोल्हे मिळाले.

कात्री | २३ जानेवारी, दुपारी १.२०
उशिराचाच टेक. डोळे झाकून.

पडद्यावरच्या अक्षरांच्या पाट्यांचं आताच सांगून ठेवते, कारण आदल्या रात्री सगळे यावरच अडकतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलंत की कधी कधी जोडाक्षरं सुटी होतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते. 'रात्रपाळी'तला 'त्र' तुटला तर सगळ्या भीतीचं हसं. प्रीमिअर असेल तर सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचं निवडा. तरी भांडत असेल तर पाटी इंकस्केप या चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा, हा उपाय कुठंही चालतो. फॉन्ट 'मुक्ता' किंवा 'तिरो देवनागरी मराठी' घ्या, दोन्ही मोफत आणि परवान्याची कटकट नाही. रक्त गळणारी अक्षरं दिसली तर मी धाग्यावरून जाईन.

कटबद्दल. पहिल्या वीस सेकंदांत चारच शॉट ठेवा, निवांत. मोटार बंद पडल्यावर वेग वाढवायचा मोह होईल, तिथं उलट बॅटरीचा शॉट न कापता पूर्ण चालू द्या. वेग त्यानंतर, दहा-बारा सेकंद फक्त, आणि त्यात खोऱ्याचा तिसरा फ्रेम अर्धा सेकंद. मग काळा पडदा, नाव. नावावर संपवा. नावानंतर दचकवणारा शेपटाचा शॉट लावायची फॅशन आहे, सगळे तेच करतात म्हणून तुम्ही करू नका.

कानसेन | २३ जानेवारी, दुपारी २.०५
शॉट नको, मान्य. पण नाव पडद्यावर असतानाच लांबून मोटार पुन्हा सुरू होऊ दे. लाइन आली. म्हणजे आता उरलेलं पाणी द्यायला कुणालातरी परत जावं लागणार.

कात्री | २३ जानेवारी, दुपारी २.११
हरले. ठेवा मोटार.

दारंकरी | २७ जानेवारी, रात्री १२.४०
कच्चा कट झाला, एक मिनिट चोवीस सेकंद. मोटार शेवटी ठेवलीय. सरांना दाखवला, त्यांना सुरुवातीची ओवी लांबल्यासारखी वाटते, गटात तिघांना नाही वाटत. शुक्रवारी जमा करायचाय. झाला की लिंक इथं देतो, आणि मामाच्या गावच्या ग्रुपवरही टाकतो, सगळे मागे लागलेत.

चिकित्सक | २७ जानेवारी, सकाळी ८.१५
ग्रुपवर टाकण्याआधी एक करा. तो बॅटरीचा शॉट कुणीतरी तेवढाच कापून 'जुन्नरमध्ये काल रात्री काय दिसलं बघा' म्हणून पुढं ढकलणार, हे नक्की. आठ दिवसांत तो नगर, नाशिक फिरून तुमच्याच मामाच्या फोनवर परत येईल आणि रात्री पाणी द्यायला जाणारी माणसं अजून घाबरतील. फिल्मचं नाव आणि 'विद्यार्थी प्रकल्प' असं कोपऱ्यात बारीक अक्षरात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवा. नुसतं शेवटी नको, शेवट पहिल्यांदा कापला जातो.

कात्री | २७ जानेवारी, सकाळी ८.४०
फ्रेम बिघडेल म्हणून मी नाही म्हणणार होते. पण बरोबर आहे. खाली उजवीकडं, निम्म्या पारदर्शकतेनं टाक. तिथं सगळीकडं ऊसच आहे, डोळ्यांत येणार नाही. बॅटरीच्या शॉटपुरतं डावीकडं ने, समोरची बॅटरी उजवीकडं आहे.

दारंकरी | २७ जानेवारी, सकाळी ९.०२
टाकतो. आकाशवाला शॉट पण त्याच वेळी कापतो.